उलट्या पिळाचं शिंकं

सज्जनहो, करुणादास महाराज कोणत्याही गावात तीन दिवसांवर थांबत नसत. खांद्यावर वीणा, काखेत झोळी आणि ओठांवर प्रभू येशूचं नाव, एवढाच त्यांचा प्रपंच. गाव जागं व्हायच्या आत महाराज पुढच्या वाटेला लागलेले असायचे. पण आंबेखडीत त्यांचा मुक्काम पडला तो पाच महिने हलला नाही! आणि का हलला नाही, तेच तर आज सांगायचं आहे.

आंबेखडी हे नगरच्या पूर्वेला खडकावर वसलेलं गाव. वर गावठाण आणि खाली ओढ्याच्या अंगाला पंचवीस-तीस घरांची वाडी. वाडीने एका पिढीपूर्वी प्रभूचा मार्ग धरला होता. मातीच्या भिंतींचं, कौलारू छपराचं लहानसं देऊळही बांधलं होतं. सगळं होतं, पण विहीर नव्हती! वाडीतल्या बायकांनी गावच्या विहिरीपासून दहा पावलं लांब घागर ठेवून उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घेऊन घरी यायचं. महाराजांनी पहिल्याच दिवशी हे पाहिलं. संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले, वीणा छेडली, आणि मध्येच हात थांबवून म्हणाले, "उद्या सकाळी पहारी घेऊन या. उद्याचं भजन आपण विहिरीत करू. आणि ऐका, विहीर होईल ती सगळ्यांची. वरचे आले तरी त्यांना ओतून द्यायचं नाही, काढून घेऊ द्यायचं."

कामाचा कारभार आपोआपच मार्तंड मिस्त्रींकडे गेला. विहीर खणण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. खडकाला कान लावून आत पाणी आहे की नाही ते सांगायचे, आणि सांगितलेलं खरं व्हायचं. माणूस सचोटीचा, कष्टाचा. देवळाच्या पंचांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. पण काही नवं दिसलं रे दिसलं, की मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा!

आणि नेमकी त्यांच्याच वाडीत सारजा राहायची.

सारजा आणि तिचा नवरा लहानू दोर वळणारे. घायपाताची पानं ओढ्यात कुजत घालायची, ठेचून त्यांचा वाख काढायचा, वाळवायचा आणि वळायचा. गावच्या बैलांची दावी, मोटेचे जाड दोर म्हणजे नाडे, दुधा-तुपाची मडकी टांगायची शिंकी, सगळं यांच्याच हातचं. पण सारजेचा हात सरळ चालेल तर शपथ! दावं वळता वळता त्यात लाल चिंधीचा पेड घालील. शिंक्याला जिथे चार गाठी पुरतात तिथे चौदा मारून त्यातून फूल काढील. सासू कपाळावर हात मारून म्हणायची, "हिच्या डोक्यात भिंगरी हाय, भिंगरी!" सारजा हसायची. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच या भिंगरीची धास्ती वाटायची. हे आपल्याला सुचतं कुठून? बाकीच्या बायांना का सुचत नाही? यात काही खोट तर नसेल?

देवळात कंदील एकाच दोरीला टांगलेला असायचा. दोर वळताना पीळ एकाच अंगाला बसतो ना, मग वजन टांगलं की तो उकलायला बघतो. म्हणून कंदील सारखा आपला गरगर फिरायचा. महाराज वाचायला उभे राहिले की उजेड एकदा पानावर, एकदा भिंतीवर! महाराज काही बोलत नसत. पण सारजेने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यातली भिंगरी फिरली. तिने कंदिलासाठी एक शिंकं केलं. एक दोरी नेहमीच्या पिळाची, दुसरी उलट्या पिळाची, दोन्ही जोडीनं. ही इकडे ओढू बघते, ती तिकडे ओढू बघते, आणि दोघींच्या ओढाताणीत कंदील जागचा हलत नाही! वर हौसेनं तिने गाठींची बारा फुलंही काढली.

रविवारी मार्तंड मिस्त्री देवळात शिरले, वर बघितलं आणि तिथेच थबकले.

"हा पीळ कुणी दिला?"

सारजा खुशीत पुढे झाली. "म्या दिला मामा. बघा, आता कंदील फिरत न्हाई."

"उलटा पीळ?" मिस्त्रींचा आवाज चढला. "अगं, काय केलंस हे?"

आता बघा, त्या मुलखात उलट्या पिळाची दोरी एकाच कामाला वळत. तिरडी बांधायला! दुसऱ्या कशाला ती कुणी हातातही धरत नसे. वाडीने प्रभूचा मार्ग धरला तरी ही भीती काही सुटली नव्हती. मिस्त्रींनी काठीने शिंकं ओढून खाली घेतलं आणि कमरेच्या चाकूने वरचा दोर कापला. कंदील एका पोराने झेलला म्हणून वाचला.

"ज्या दोरानं मढं बांधत्यात तो देवाच्या घरात? आणि ही फुलं? कुणी सांगितली होती?"

"कुणी न्हाई मामा. आपसूक सुचली."

"सुचली! सुचायला तू कोण गं?" मिस्त्री सगळ्यांकडे वळून म्हणाले, "घडवायचं काम देवाचं. त्यानं सहा दिवसांत घडवलं आणि ते झालं. आता माणसानं निमूट पाळायचं. ही म्हणती मलाबी घडवायचंय! देवाची बरोबरी करायला निघाली दोरवाली!"

सगळं देऊळ हसलं हो! लहानूसुद्धा खाली मान घालून बसला. महाराज त्या दिवशी शेजारच्या गावी कीर्तनाला गेले होते, नाहीतर गोष्ट वेगळी झाली असती. मिस्त्रींनी ते शिंकं काठीच्या टोकावर नेलं आणि आपल्या गंजक्या पहारींच्या ढिगात फेकून दिलं.

सारजा घरी आली, वाखाच्या ढिगाआड बसली आणि पोटभर रडली. मग तिने डोळे मिटून हात जोडले. "देवा, मला न्हाई तुझी बरोबरी करायची. हे सुचणं काढून घे माझ्या डोक्यातनं. इथून पुढं सांगतील तेवढंच वळीन. शपथ!"

आणि तिने शपथ पाळली. तीन महिने साधी दावी, साधे नाडे. एक चिंधी नाही की एक फूल नाही. पण सारजा दिवसेंदिवस वाळत चालली. सासूच एकदा म्हणाली, "एखादं फूल काढ गं बाई, तुझ्याकडं बघवत न्हाई."

महाराजांच्या नजरेतून हे सुटलं नाही. एक दिवस ते तिच्या अंगणात आले आणि वाखाच्या पेंढीवरच बसले. सारजेने अडखळत सगळं सांगितलं. महाराज ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू देवाला म्हणालीस, परत घे. त्याने घेतलं का?"

"काय ठाव महाराज."

"सुचायचं थांबलं?"

सारजेने मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी हळूच म्हणाली, "न्हाई. आणखीनच सुचतंय."

महाराज असे खदखदून हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या! "मग त्याने घेतलं नाही, सारजाबाई! अगं, आपण त्याची लेकरं ना? बापासारखं नाक आलेलं चालतं, बापासारखा हात आलेला का चालू नये? घडवण्याची ओढ त्याची आहे. त्याने ती तुझ्यात घातली. दुसऱ्याला दया दिली, तिसऱ्याला धीर दिला, तुला हे दिलं. चांगुलपणाच आहे तो, खोट नव्हे."

"पण म्या शपथ घेतली."

"घेतलीस खरी," महाराज उठत म्हणाले. "बघू, ती कोण सोडवतो ते."

इकडे विहीर तीस हात खाली गेली होती. दगडांची पाटी एकाच मोठ्या नाड्यावर रहाटावरून वर यायची आणि येताना कंदिलासारखीच गरगरायची. खालच्या अंगाला काळ्या खडकाचं एक टोक बाहेर आलेलं होतं, त्यावर आपटायची. दोनदा पाटी उलटून दगड खाली पडले. लहानू भीत भीत म्हणाला, "मामा, हिच्या त्या जोडदोराचा इचार करावा का?"

मिस्त्री कडाडले, "तिरडीचा दोर? माझ्या विहिरीत? मी जिता असेतोवर उतरायचा न्हाई!"

अहो, माणूस बोलून जातो आणि देव ऐकून ठेवतो!

फाल्गुनातल्या एका शनिवारी, उन्हं डोक्यावर आली असताना, शेवटचा सुरुंग उडाला. धुरळा बसला. वरून वाकून बघितलं तर तळाशी खडक ओला! वाडीत एकच गलका झाला. बायका चुली सोडून धावल्या. मिस्त्रींना कुठला धीर? तीन महिन्यांची त्यांची तपश्चर्या! "थांबा, आधी मी बघतो," म्हणत ते नाडा धरून सरसर उतरले सुद्धा. खडकाला कान लावला. वर तोंड करून ओरडले, "पाणी! लेको, पाणी हाय!"

आणि त्याच क्षणी बाजूच्या भिंतीतली खडकाची फरशी सुटली.

ती पडल्याचा आवाज वरपर्यंत आला, आणि त्यामागून मिस्त्रींची किंकाळी. फरशी मांडीवर येऊन बाजूला कलंडली होती. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या ठेचल्या. आणि जिथून फरशी सुटली तिथून मनगटाएवढी धार फुटली! ज्या पाण्यासाठी तीन महिने घाम गाळला, ते आता मिस्त्रींच्या जिवावर उठलं.

लहानू मागचा पुढचा विचार न करता नाडा धरून खाली गेला. त्याने मिस्त्रींना तळातल्या उंचवट्यावर ओढून घेतलं, नाडा त्यांच्या काखांखालून बांधला आणि ओरडला, "ओढा!" वरच्यांनी ओढलं. सहा हात वर आले असतील नसतील, नाडा फिरायला लागला. मिस्त्री त्या मोडक्या मांडीसकट गरगर फिरले आणि धाडकन काळ्या टोकावर आपटले. पुन्हा फिरले, पुन्हा आपटले. असे ओरडले की ऐकणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"खाली सोडा!" लहानू आतून ओरडला. "सोडा, मरतील ते!"

पुन्हा खाली सोडलं. आता करायचं काय? पाटीत माणूस मावत नव्हता. शिडी तेवढी लांब नव्हती. आणि दोघांनाही पोहता येत नव्हतं. ज्यांना पाण्याला शिवायची चोरी, ते पोहायला कुठे शिकणार?

"पाणी गुडघ्याला आलं!" लहानूचा आवाज आला.

सारजा काठावर उभी होती. खाली तिचा नवरा होता, आणि भरल्या देवळात तिचं हसं करणारा माणूसही. आणि तुम्हाला सांगतो, त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे सबंध चित्र उभं राहिलं! माणूस मावेल एवढं शिंकं. मडकं जसं शिंक्यात निवांत बसतं तसा माणूस बसलेला. वर दोन दोर, एक सुलटा, एक उलटा. फिरणार नाही, आपटणार नाही. गाठ न् गाठ तिला दिसली. तिने घट्ट डोळे मिटले. शपथ घेतली होती ना!

कुणीतरी खांद्याला हात लावला. महाराज होते.

"सारजाबाई, काही दिसतंय का?"

"दिसतंय महाराज." तिला रडूच फुटलं. "पर शपथ..."

"तू ज्याच्यापुढे शपथ घेतलीस, तोच आत्ता दाखवतोय ना? मग ती त्यानेच सोडवली. चल, आम्ही काय करू ते सांग!"

सज्जनहो, त्या एका शब्दासरशी ती जी उठली! पदर खोचला आणि अशी गरजली की वाडीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. "घरात वाख किती हाय तेवढा समदा आणा! बैलं सोडा, दावी आणा! चौघं चौघं समोरासमोर बसा!"

सुलट्या पिळाचा नाडा रहाटावर होताच, तो लहानूकडून सोडवून वर ओढून घेतला. दावी गुंफून शिंक्याची जाळी होण्यासारखी होती. अडचण होती ती उलट्या पिळाच्या दोराची. तो गावात नव्हताच, तो वळायला हवा होता. तीस हात, आणि वर रहाटाचा वेढा, म्हणजे चाळीस! सारजेने माणसांच्या रांगा लावल्या आणि सांगितलं, उलटं वळा.

आता जन्मभर एका अंगाला वळलेले हात, ते एकाएकी उलटे कसे चालावेत? दोन वेढे उलटे आणि तिसरा आपसूक सुलटा! वळलेलं उकलायचं, पुन्हा वळायचं. कुणी घाबरून म्हणालं, "तिरडीचा पीळ हाय, जिता माणूस..." सासूबाई त्याच्यावर अशा खेकसल्या, "आरं, हा दोर न्हाई झाला तर तिरडीच वळायची हाय! वळ मुकाट!"

"कमरेला!" आतून आवाज आला.

महाराज स्वतः मांडी घालून बसले. उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताने वाख वळू लागले. मग मोठ्याने गायला लागले,

"हात दिधले तू, सुचवी तूच काम,
वळतां वळतां मुखी तुझे नाम!"

काय सांगू! त्या तालाने हातांची चूक थांबली. एका चरणाला एक वेढा, एका चरणाला एक वेढा. बाया, बापे, म्हातारे, सगळे गात होते आणि सगळ्यांचे हात उलटे चालत होते. सारजा मधोमध बसून दाव्यांची जाळी गुंफत होती. नंतर ती सांगायची, "ते हात माझे नव्हतेच. मी नुसती बघत होते."

गलका ऐकून वरच्या गावातली माणसंही आली होती. ज्योत्याजी पाटील पुढे होते. दहा पावलांवर थांबले, सवयच ती.

"छातीला!"

दोर तीस हातांवर आला आणि वाख संपला. शेवटची काडी संपली! दहा हात कमी. सारजेने आजूबाजूला पाहिलं. महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उभं फाडलं आणि तिच्यापुढे टाकलं. "हे वळ." मग काय विचारता! फटाफट मुंडाशी सुटली. कुणी पंचा दिला, सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं फाडलं. तरी तीन हात कमीच. सारजा पाटलांकडे बघत राहिली. पाटलांच्या डोक्याला लाल पागोटं होतं, चांगलं लांबलचक.

ती हात जोडून म्हणाली, "पाटील, खाली दोन जीव हायेत."

पाटील घटकाभर घुटमळले. मग ती दहा पावलं चालून आले, पागोटं उतरवलं आणि स्वतःच त्याला पीळ द्यायला बसले. सुलटा!

"उलटा, पाटील, उलटा!" सारजा ओरडली. पाटलाला ओरडली हो! आणि पाटील म्हणाले, "चुकलं बाई, दाखव कसा."

"गळ्याला आलं!" लहानूचा आवाज आता कापत होता. "मामांना उचलून धरलंय, पर माझे हात चालंनात..."

जाळीला दोर जोडायचे राहिले होते. गाठी घाईत बसवून चालणार नव्हतं, एक निसटली की दोघं गेले. सारजा गाठ आवळत होती आणि ओठांनी लहानूचं नाव घेत होती.

"हनुवटीला!"

महाराजांनी गाणं थांबवलं. ते काठावर गुडघे टेकून बसले, दोन्ही हात विहिरीवर पसरले आणि म्हणाले, "प्रभो, कारागिरीण तुझी, काम तुझं. तिचा हात पुरा होऊ दे. तोवर थांब!"

एवढंच. सारजेने एक गाठ मारली. दुसरी मारली. आता पुढचा आवाज 'तोंडाला' असा येणार, किंवा यायचाच नाही. तिने तिसरी गाठ मारली. काहीच आवाज नाही. "आहो!" ती किंचाळली. जन्मात नवऱ्याला अशी हाक तिने चारचौघांत मारली नव्हती. "आहो, हायसा न्हवं?"

आतून लहानूचा आवाज आला, रडवेला, हसरा. "थांबलं! सारजे, पाणी थांबलं गं! हनुवटीशी थांबलंय!"

काठावरची माणसं दगडासारखी उभी राहिली. धार तर दिसत होती, तशीच जोरात पडत होती. आणि पाणी चढत नव्हतं! पुढे पुष्कळ शहाणे म्हणाले, की पाणी कुठल्या आडव्या भेगेत शिरलं असेल. असेल बाबा, शिरलं असेल! पण त्याच घटकेला का शिरलं, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

सारजेने चौदावी गाठ आवळली. "उतरवा!"

शिंकं पाण्यात उतरलं. लहानूने मिस्त्रींना त्यात बसवलं, आपण जाळीच्या कडेला लोंबकळला. वीस जणांनी दोन्ही दोर धरले, पाटलांनी सुद्धा. "प्रभूचं नाव घ्या आणि ओढा!" दोर ताणले. शिंकं वर आलं. आता फिरणार, आता फिरणार, असं सगळ्यांना वाटलं. शिंकं फिरलं नाही! जराही नाही. काळ्या टोकाशेजारून असं अलगद वर आलं, जसं कुणी हातावर धरून उचलतंय. दोघं पुरुषभर वर आले असतील, आणि खाली खळखळाट झाला. पाणी एकदम चढलं आणि ते बसले होते तो उंचवटा दिसेनासा झाला.

वर आल्यावर जो जयघोष झाला तो तीन गावांपलीकडे गेला म्हणतात. लोक महाराजांच्या पायावर लोटले. महाराज मागे सरकत म्हणाले, "अरे, मी काय केलं? चार वेढे वळले, तेही वाकडे! देव आज या बाईच्या हातांत उतरला होता. आणि नीट ऐका, तो काही आजच उतरला नाही. ती दाव्यात लाल चिंधी घालत होती ना, तेव्हापासून तो तिथेच होता. आपण हसलो."

त्या दिवशी देवळात हसलेले सगळेच तिथे होते.

मिस्त्रींना शुद्ध आली तेव्हा ते शिंक्यातच होते. त्यांनी डोळे उघडले, हात वर नेला आणि दोर चाचपला. जुन्या कारागिराची बोटं ती! एका स्पर्शात त्यांना पीळ कळला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वैदूने मांडी बांधली, दोन महिने अंथरुणाला खिळवलं. त्या दोन महिन्यांत मिस्त्री कुणाशी फारसं बोलले नाहीत. विहीर काठोकाठ भरली, वाडी पोटभर पाणी प्यायली. वरच्या बायकाही आता तिथेच यायच्या. कशा न येतील? पाटलांचं पागोटं आणि सासूबाईंचं लुगडं एका पिळात असं बसलं होतं की कुणाचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं.

आणि महाराजांचा मुक्काम? तो हलला नाही. विचारलं की म्हणायचे, "अजून एकाचं वर यायचं राहिलंय."

मग एका रविवारी, देऊळ भरलेलं असताना, दारात काठीचा आवाज आला. मार्तंड मिस्त्री लंगडत आत आले. हातात काहीतरी होतं. ते तसेच मधल्या वाटेने चालत बायकांच्या बाजूला आले आणि सारजेपुढे थांबले.

हातात ते शिंकं होतं. बारा फुलांचं. पहारींच्या गंजाचे डाग पडलेले, वरच्या दोराला चाकूने कापलेलं. कापलेल्या जागी दोराचा एक नवा तुकडा जोडलेला होता. ओबडधोबड, कुठे सुलटा, कुठे उलटा, गाठ कशीबशी बांधलेली.

मिस्त्री म्हणाले, "दोन महिने पडल्या पडल्या वळतोय. मी कापलं, म्हणलं मीच जोडावं. न्हाई जमत, बाई. चाळीस वर्सं ह्या हातांनी खडक फोडला, पर ह्यो एक पीळ जमत न्हाई." त्यांनी शिंक्यावरून बोट फिरवलं. "मी म्हणलो होतो, मी जिता असेतोवर ह्यो दोर इहिरीत उतरायचा न्हाई. देवानं मला जितं ठेवायलाच उतरवला. मी त्याची देणगी कापली, सारजाबाई. भरल्या देवळात कापली, म्हणून भरल्या देवळात आलोय."

आणि तो ताठ माणूस काठी टाकून, मोडकी मांडी सावरत, खाली वाकू लागला. सारजा घाईने उठली. "मामा, आहो काय करता! माझ्या पाया न्हाई पडायचं!"

"तुझ्या कुठं पडतोय?" मिस्त्री रडत रडत हसले. "ज्यानं तुझे हात चालवले त्याच्या पाया पडतोय. तू मधी आलीस, त्याला मी काय करू!"

आणि त्यांनी तिच्यापुढच्या जमिनीवर कपाळ टेकलं. सारजा खाली बसली, तिने ते शिंकं मिस्त्रींच्या हातातून घेतलं, नवा तुकडा उकलला आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात धरला.

"असं बघा मामा. अंगठा आत घ्या. आता उलटा."

मिस्त्रींनी वळलं. चुकलं. पुन्हा वळलं. सगळं देऊळ वाट बघत बसलं, कुणी घाई केली नाही. शेवटी पीळ बसला तेव्हा पहिली टाळी महाराजांची पडली!

मिस्त्रींनीच ते शिंकं आढ्याला टांगलं. त्यात कंदील ठेवला. दारातून वारा आला, पण कंदील जागचा हलला नाही. महाराज वाचायला उभे राहिले तेव्हा उजेड सबंध पानावर होता. दुसऱ्या दिवशी गाव जागं व्हायच्या आत ते पुढच्या वाटेला लागले.